चौथ्या पानावरची शेवटची टीप

यशवंत पाष्टे गेल्याचं पोस्टकार्ड ऑफिसच्या पत्त्यावर आलं. एक कोपरा फाडलेला होता, त्यामुळे कोणीतरी गेलं हे वाचायच्या आधीच समजलं. कोण, एवढंच वाचायचं होतं. त्यांच्या मुलीने पाच ओळी लिहिल्या होत्या. सकाळी पाण्याचा पंप उघडून बसले होते, छातीत दुखतंय म्हणाले, तालुक्याला न्यायला जीप मिळेपर्यंत संपलं. वय बावन्न. दिवस झाल्यावर पत्र टाकते आहे, येण्याची घाई करू नये, असं शेवटी होतं. त्याला आता सहा आठवडे झाले. या पुरवणीच्या वाचकांना पाष्टे माहीत असण्याचं कारण नाही. ते मोटार मेकॅनिक होते, सात वर्षं बहारीनला होते, आणि त्यांच्या खाडीकाठच्या गावांत त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जातं : पाष्ट्याने ब्रेक नीट बसवले नाहीत आणि पलीकडच्या गावचा कासम त्यात मेला. यातलं अर्धं खरं आहे. कासम मेला. ब्रेकचं मात्र तसं नव्हतं, आणि ते कसं होतं हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

आम्ही तिघे बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या झिंज भागात, एका खोलीत राहायचो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. पाष्टे उम्म अल हस्समच्या बाजूला एका गॅरेजात मुख्य मेकॅनिक होते. कासम मनामाच्या सूक या बाजारालगत एका शिपिंग एजंटाकडे कारकून होता. मी एका छापखान्यातून रोज निघणाऱ्या इंग्रजी व्यापारी बातमीपत्राच्या डेस्कवर होतो; टेलेक्सवर आलेल्या लांबलचक बातम्या कापून ठरलेल्या जागेत बसवायच्या, हे माझं काम. पाष्टे आणि कासम एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. गावात असताना त्यांची जेमतेम तोंडओळख होती, बहारीनला आल्यावर दोघांचा एक तवा झाला. पाष्टे सोमवार पाळायचे आणि त्या दिवशी कासम हमखास सुरमई आणायचा. "पाष्टे, तुमच्या देवाकडे इथला व्हिसा नाय," तो तळता तळता म्हणायचा, "खाल्लात तरी त्याला कळायचं नाय." पाष्टे भाजी निवडत म्हणायचे, "तुझ्याकडच्याला हाय ना व्हिसा? तो सांगेल." हे संवाद जवळपास दर सोमवारी, त्याच शब्दांत व्हायचे. दोघांनाही त्यात नवं काही नको असावं.

पाष्टे मूळचे बस डेपोतले. तिथे अकरा वर्षं ब्रेकच्या कामावर होते. गाडी जॅकवर चढवली की चाक एका बोटाने फिरवायचे आणि हात मागे घेऊन उभे राहायचे. चाक थांबेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. गॅरेजातले लोक याची नक्कल करायचे. पण ब्रेकची कुरकुर असलेली प्रत्येक गाडी शेवटी त्यांच्याकडेच यायची. इंग्रजी त्यांना सुट्या भागांच्या नावांपुरतं यायचं. ते त्यांनी गॅरेजात कोणाला कळू दिलं नव्हतं. साहेब लोक काही वाचायला देत, तेव्हा ते कागद घडी करून खिशात ठेवत आणि "ओके, टुमारो" म्हणत. संध्याकाळी तो कागद माझ्यासमोर यायचा. मी वाचून मराठीत सांगायचो, मोठा असला तर लिहून द्यायचो. याचा मला त्रास नव्हता. खरं सांगायचं तर त्यात एक प्रकारची ऐटही होती.

त्या उन्हाळ्यात गॅरेजात एका इंग्रज इंजिनियरची गाडी आली. ती कारखान्यात जोडलेली नव्हती. तिचे सुटे भाग खोक्यांतून बोटीने आले होते आणि साहेबाने वर्षभर खपून, अर्धी घरी, अर्धी गॅरेजात, ती उभी केली होती. फायबरचं लाल अंग, खाली एका जुन्या गाडीचा सांगाडा, दोघांपुरती जागा, छप्पर नाही. बंदरातून खोकी सोडवण्याचे कागद कासमच्याच टेबलावरून गेले होते, त्यामुळे तो तिला आपलीच समजायचा. "साबणाची डबी कुठवर आली?" असं तो रोज विचारायचा. गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, मागच्यांना जुने ड्रम. साहेबाला मागेही डिस्क हव्या होत्या. त्यासाठी त्याने इंग्लंडहून सामान मागवलं. दोन डिस्क, दोन कॅलिपर, बसवायच्या पट्ट्या, आणि टाइप केलेली चार पानं. सामान पाष्टेंच्या हवाली करून साहेब दोन महिन्यांच्या रजेवर गेला. जाताना म्हणाला, पानांत सगळं आहे. पाष्टे "ओके" म्हणाले.

वाचकांनी या बाबतीत दोनच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ड्रममध्ये ब्रेकचे शू आतून बाहेर दाबले जातात आणि पाय उचलला की स्प्रिंग त्यांना मागे ओढते. स्प्रिंग तगडी असते, म्हणून ड्रमकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक छोटी झडप ठेवतात. ती पाय उचलल्यावरही नळीत थोडासा दाब राखते, म्हणजे पुढच्या वेळी ब्रेक लगेच धरतो. डिस्क ही चाकाबरोबर फिरणारी तबकडी; कॅलिपरमधले पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात, आणि त्यांना अशी स्प्रिंग नसते. तिथे तो थोडासा दाबही पॅडना तबकडीवर टेकवून ठेवतो. ड्रम काढून डिस्क बसवायच्या तर ती झडप काढावीच लागते. हे मला आज माहीत आहे. पाष्टेंना तेव्हा माहीत नव्हतं. डेपोतल्या बसना हवेचे ब्रेक होते आणि बहारीनमध्ये आलेल्या गाड्यांचे ब्रेक कारखान्याने ठरवलेले. असा बदल करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

चार पानं मी ऑफिसात नेली आणि पाळीच्या मधल्या वेळात त्यांचं मराठी केलं. पाष्टेंना कागद गाडीशेजारी भिंतीला चिकटवायचा होता, म्हणून ते म्हणाले होते, एका फुलस्केपात बसवा. मी बसवलं. भाग कसे सोडवायचे, पट्टी कोणत्या बाजूने, बोल्ट किती घट्ट, हँडब्रेकची तार कशी जोडायची, ब्रेक ऑइल कसं भरायचं, नळीतली हवा कशी काढायची... फुलस्केपच्या तळाशी येईपर्यंत चौथ्या पानावरच्या तीन टिपा उरल्या होत्या. पहिल्या दोन आधीच्याच सूचना पुन्हा सांगणाऱ्या होत्या. तिसरीची सुरुवात मी वाचली. तीही ब्रेक ऑइलच्या नळीबद्दल होती. बातमी जागेत बसत नसेल तर ती खालून कापायची, कारण महत्त्वाचं ते वर आलेलं असतं. डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे. मी खालच्या तीन टिपा सोडून दिल्या. मूळ पानं पाष्टेंनी गॅरेजातल्या साहेबाच्या कपाटात ठेवली. फुलस्केप भिंतीला लागला.

काम आठ दिवस चाललं. गुरुवारी सकाळी डेस्कवर मला फोन आला. पाष्टे सहसा फोन करायचे नाहीत. गॅरेजातला फोन मालकाच्या टेबलावर होता आणि मालक समोर असायचा. ते हळू बोलत होते. ब्रेक धरतोय, म्हणाले, पण पाय सोडल्यावर मागची चाकं हाताने फिरवली तर जड जातात. एक नाही, दोन्ही.

"पेपरवाले, त्या पानांत याच्याबद्दल काय हाय का?"

माझ्या हातात एका तेल कंपनीच्या निविदेची बातमी होती आणि छापखान्याचा माणूस उभा होता. मी म्हणालो, "जे होतं ते सगळं लिहून दिलंय."

"सगळं ना?"

"सगळं."

"मग पॅड नवीन हायत, बसायचे असतील," ते म्हणाले. "लांब फिरवून आणतो उद्या. बसतील."

म्हणजे दुसऱ्या दिवशीची ती लांबची फेरी माझ्या उत्तरातून निघाली. मी "माहीत नाही, पानं पुन्हा बघतो" असं म्हणालो असतो, तर गाडी जॅकवरून उतरलीच नसती. पाष्टेंचा स्वभाव तसा होता. हाताला जड लागलेलं चाक त्यांनी रस्त्यावर सोडलं, त्याचं कारण कागद पुरा आहे असं त्यांना सांगितलं गेलं होतं.

शुक्रवारी जेवण झाल्यावर पाष्टे गाडी काढायला निघाले, तेव्हा कासमने चप्पल घातलीच होती. महिनाभराने तो गावी जाणार होता, लग्न ठरलं होतं. छप्पर नसलेल्या गाडीत बसून आलो हे तिकडे सांगायला हवं, म्हणाला. मलाही त्यांनी विचारलं. दोघांचीच जागा आहे, मी म्हणालो. "पेपरवाल्यांना डिकीत टाकू," कासम म्हणाला, "यल्ला, आटपा." ते मी ऐकलेलं त्याचं शेवटचं वाक्य. पाष्टेंनी नंतर सांगितलं त्यावरून पुढचं लिहितो. ते जल्लाकच्या किनाऱ्यापर्यंत गेले. रस्ता मोकळा होता, ब्रेक चांगला धरत होता. कासमने समुद्रावर तोंड धुतलं. परतताना गाडी ओढल्यासारखी चालते आहे असं पाष्टेंना वाटलं आणि मागून जळकट वास आला. नव्या पॅडना सुरुवातीला वास येतो. ऑगस्टचं ऊन होतं. शहराजवळच्या गोल चौकाशी त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल तळाला गेलं. पॅड चाळीस मिनिटं तबकडीला घासून त्या उष्णतेने नळीतलं ऑइल उकळलं होतं, आणि वाफ दाबली जाते पण दाब देत नाही. चारही चाकांची नळी एकच होती. त्यांनी हँडब्रेक ओढला. मागची चाकं अडली, गाडी आडवी फिरली आणि कासमच्या बाजूने कडेला उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर गेली. कासम जागच्या जागी गेला. पाष्टेंचा डावा हात मनगटात मोडला.

त्या संध्याकाळी मी डेस्कवर जाऊन चार ओळींची बातमी केली. नाव, वय, ठिकाण, ब्रेक निकामी झाल्याने. शेवटी 'पोलीस चौकशी करत आहेत'. जागा तेवढीच होती.

कासमला दुसऱ्या दिवशी मनामातच मूठमाती दिली. पाष्टेंना दवाखान्यातून थेट चौकशीला नेलं आणि दुभाषी म्हणून मला बोलावलं. टेबलावर साहेबाच्या कपाटातून आणलेली चार पानं होती. अधिकारी शांत गृहस्थ होते. त्यांनी चौथं पान माझ्यापुढे सरकवलं, शेवटच्या टिपेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे याला विचारा. मी ती टीप तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचली. मागे आधी ड्रम असतील आणि पेडलजवळचा मूळ सिलिंडर तसाच ठेवणार असाल, तर मागच्या नळीच्या तोंडातली झडप काढून टाका. न काढल्यास ब्रेक तापून निकामी होतील. दोन ओळी होत्या. फुलस्केपवर बसल्या असत्या.

अधिकाऱ्यांनी विचारलं, या सूचना याला मिळाल्या होत्या का? मी पाष्टेंना मराठीत विचारलं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "हो. पेपरवाल्यांनी मराठीत लिहून दिलेल्या. कागद भिंतीला हाय. त्याच्यात हाय ते सगळं केलं." मी इंग्रजीत सांगितलं, "होय, सूचना मिळाल्या होत्या."

एवढंच. खोटं त्यात एक अक्षरही नव्हतं. पहिलं वाक्य ठेवलं आणि खालचं कापलं. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. पाष्टेंना तेवढं इंग्रजी कळलं की नाही, हे मला माहीत नाही. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मोडलेल्या हाताकडे पाहू लागले. मला भीती काय होती, तेही लिहून ठेवतो, कारण नंतर मी तिला निरनिराळी नावं दिली. व्हिसा रद्द होईल, ही होती. पाष्टेंना निष्काळजीपणाबद्दल तुरुंगात टाकलं; सात महिन्यांनी त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि तिथून त्यांना थेट विमानावर बसवलं. मी आणखी पाच वर्षं बहारीनला राहिलो. भिंतीवरचा तो फुलस्केप मी चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी काढून आणला होता. गॅरेजातल्या कोणी हरकत घेतली नाही, मराठी तिथे कोणाला येत नव्हतं. खोलीच्या मागे जाळला.

दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या गावी गेलो होतो. सांगायचं ठरवून गेलो होतो. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते पाण्याचे पंप आणि शिलाईची मशिनं दुरुस्त करायचे. चाक असलेलं काही शेडमध्ये नव्हतं, सायकलसुद्धा. गाडी घेऊन कोणी येत नाही, म्हणाले, आणि मीही बोलावत नाही. चहा झाला. मी बहारीनचा विषय काढला. ते म्हणाले, "चाक जड फिरत होतं. माझ्या हाताला कळलं होतं. हाताला कळल्यावर कागदाला विचारायचं नसतं." मला त्यांना सांगायचं होतं ते तिथेच सांगता आलं असतं. त्याहून सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. मी त्यांच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली आणि दुपारच्या एस.टी.ने परतलो.

पोस्टकार्ड आल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. पाष्टेंच्या पत्नी आणि मुलगी घरी होत्या. या वेळी सगळं सांगितलं. फोन, टीप, दुभाष्याचं काम, जाळलेला कागद. मुलगी उठून आत गेली. पाष्टेंच्या पत्नी म्हणाल्या, "आम्हाला कशाला सांगताय? आम्हाला ते कसे होते माहीत हाय. पलीकडे जाऊन सांगा." होडी कधी सुटते तेही त्यांनीच सांगितलं.

कासमचं घर धक्क्यापासून वर, चढावर आहे. त्याची आई पंच्याहत्तरीची असेल. कासमबरोबर राहिलेला मित्र एवढी ओळख पुरली. तिने मला ओटीवर बसवलं, आतून पाणी मागवलं, गूळ मागवला. चढून घसा कोरडा झाला होता, मी तांब्यातलं सगळं पाणी प्यायलो. मग सांगितलं. झडप वगैरे तिला कळणार नाही असं मला वाटलं होतं. तिला कळलं. मध्ये एकदाच तिने विचारलं, "म्हणजे त्याला कोणी सांगितलंच नाय?" मी म्हणालो, नाही. पाष्टेंनी विचारलं होतं, मी सांगितलं नाही.

ती बाहेर अंगणाकडे पाहत होती. अंगणात उतरायला चार पायऱ्या आहेत, जांभ्याच्या.

"तो यायचा," ती म्हणाली. "दर साली, कासमच्या दिवसाला. वर नाय यायचा. त्या खालच्या पायरीवर बसायचा, दुपारची होडी लागेपर्यंत. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं, कोणी बोलायचं नाय त्याच्याशी." मग म्हणाली, "ऊन असायचं. एका साली त्याने पाणी मागितलं. नाय दिलं."

तिने माझ्यापुढचा रिकामा तांब्या उचलला, पदराने पुसला आणि स्वतःजवळ ठेवला.

"जावा आता तुम्ही," ती म्हणाली. "होडी लागेल."

मी उठलो. वरच्या तीन पायऱ्या रुंद आहेत. खालची अरुंद आहे, एका माणसाच्या बसण्याएवढीच. तिच्यावर पाय ठेवल्याशिवाय त्या घरातून उतरता येत नाही. म्हातारी वरून पाहत होती. मी पाय ठेवला आणि उतरलो.